तारांकित

जेल रोडला, वीजबिलाच्या रांगेत, मी आडवा झालो.
पुढचं आठवत नाही. टोकन आठवतं: चौऱ्याऐंशी.
एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये नंबर तपासले;
माणूस पडला तरी सवय उभी राहते.

ईसीजी चांगला. इको चांगला.
चोवीस तासांचं यंत्र गळ्यात घालून हिंडलो,
तर त्या चोवीस तासांत हृदय असं वागलं
जसा साहेब राउंडला आल्यावर कामगार.

मग छातीच्या कातडीखाली एक काडी सरकवली,
आगपेटीतल्या काडीएवढी लांब, जराशी चपटी.
दोन टाके, आणि दुपारी चहा.
"ही दोन-तीन वर्षं लिहीत राहील, काका," मिस्बाह म्हणाली,
"तुम्ही फक्त उशाशी हा डबा ठेवा.
झोपलात की तो सगळं पाठवतो."
कुठे?
"इथे. माझ्याकडे."

मिस्बाह कोकणी, राहणार वडाळा रोड,
माझ्या धाकटीपेक्षा वर्षाने लहान.

"नऊ तारीख, पहाटे तीन चाळीस,
एकशे सेहेचाळीस ठोके. काय करत होतात?"
पाणी प्यायला उठलो असेन, म्हटलं.

खोटं.
स्वप्नात मी गेटवर होतो. सुट्टीचा भोंगा झालेला,
झडतीच्या रांगेत हात वर,
आणि डाव्या मोज्यात पाचशेची नोट,
शाई ओली, घोट्याला लागलेली.
मी ठेवली नव्हती.
एकतीस वर्षांत कागदाची कातरण बाहेर नेली नाही,
आणि चोरी झाली ती निवृत्तीनंतर, झोपेत,
तिचीही नोंद झाली.

"त्या पळण्याचं काही नाही हो. हे बघा."
सोळा तारीख. चार वाजून अकरा मिनिटं.
रेघ.
सहा पूर्णांक दोन सेकंद नुसती रेघ.

कोरी जागा मला नवीन नाही.
बंडलात नंबर गळाला की आधी अंगठ्याला कळतं,
डोळ्याला मागाहून.
पण हे बंडल मीच होतो,
आणि सहा सेकंद कुठल्याच सीरिजमध्ये नव्हतो.
विमल शेजारी घोरत होती. डबा हिरवा दिवा लावून बसला होता.

कॅप्सूल जांघेतल्या शिरेतून वर नेली.
पेसमेकर, पण वायर नाही,
कातडीखाली खिसासुद्धा करावा लागत नाही, डॉक्टर म्हणाले.
खिसा नाही हे ऐकून मला बरं वाटलं. उगाच.
किंमत वाचताना सुनेने शून्यं दोनदा मोजली,
मी एकदाच.

आमच्याकडे नोट खराब निघाली
तर ती काढून तिथे दुसरी घालत,
नंबरामध्ये बारीक तारा छापलेली.
भाजीवाल्या ती उन्हात धरून बघतात, खोटी तर नाही ना.
खोटी नसते. फक्त आधीची कुणीतरी गेलेली असते.

मिस्बाहच्या कागदावर आता
कॅप्सूलच्या ठोक्याआधी एक केसाएवढी उभी खूण येते.
शंभरात किती माझे, किती तिचे?
"अकरा तिचे."
ती हसली. मी नाही हसलो,
मी त्या खुणा मोजत होतो.

नोव्हेंबरात बँकेत गेलो, हयातीचा दाखला द्यायला.
यंत्राने अंगठा घेतला नाही.
नोटा सरकवून सरकवून रेषाच राहिल्या नाहीत, म्हटलं.
"पुसून परत ठेवा, गायधनी."
परत.
परत.
मागे रांग खाकरायला लागली.
मी अंगठा काचेवर दाबून उभा,
आणि आत, कुणी न विचारता,
बहुधा एक तारा पडला.